माशाला नमस्कार

बायको : अहो, पण गेला कसा? चांगला गळाला लागला होता की!

नवरा : दोरा तुटला.

बोटवाला : तुटला नाही साहेब, तुम्ही तोडलात. मासा हवेत, आणि तुम्ही काठी मागे खेचून धरलीत.

नवरा : मग काय करायचं? मी लग्नाच्या आधीपासून नदीवर मासे धरतोय. दोरा क्षणभरही सैल सोडायचा नाही, हा पहिला धडा. सैल पडला की गळ निसटतो.

बोटवाला : नदीत बरोबर आहे. पण हा समुद्रातला, माणसाएवढा मासा. हवेत डोकं झाडतो तेव्हा सगळा हिसका ताणलेल्या दोऱ्यावर येतो. तो उडाला की काठी त्याच्याकडे झुकवायची, कमरेतून वाकायचं. आम्ही त्याला नमस्कार म्हणतो.

बायको : माशाला नमस्कार! माझ्या वडिलांपुढे वाकताना ह्यांची कंबर धरायची.

नवरा : हळू बोल गं. पाण्यावर आवाज लांब जातो.

बायको : इंजिन एवढं धडधडतंय, आणि मासे पळणार ते माझ्या आवाजाने!

बोटवाला : ताई पहिल्यांदाच आल्यात वाटतं?

बायको : पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचंच. दर रविवारी हे पहाटे नदीवर, आणि मी मशीनवर लोकांचे कपडे शिवत बसलेली. संध्याकाळी येतात ते रिकाम्या हाताने. धरलेला मासा परत सोडून येतात हो! मुलगी म्हणाली, आई, एकदा जाऊन बघ तरी. म्हटलं, बघते. पण बघूनही मला त्यात काही दिसलं नाही, तर सगळ्या काठ्या देऊन टाकायच्या.

नवरा : आणि मी हो म्हटलंय.

बायको : हो म्हणालात, पण आठवडाभर नीट जेवला नाहीत. अहो, हे काय? बोट कापलंय तुमचं!

नवरा : दोऱ्याने कापलं. काही नाही.

बायको : काही नाही काय? रक्त येतंय. रुमाल बांधा आधी.

नवरा : बांधतो. या दुसऱ्या काठीचं आमिष पाण्यात आहे, तोवर ही धर. नुसती धरायची, काही करायचं नाही.

बायको : नुसती धरायला काय लागतं? भाजीची पिशवी धरल्यासारखं... अहो. अहो! ओढतोय कोणीतरी!

बोटवाला : लागला! ताई, काठी वर! रिळाला हात लावू नका, नेऊ दे त्याला दोरा!

बायको : घ्या हो तुम्ही ही!

नवरा : आता हातबदल केला तर जाईल तो. तूच धर. पाय रोव.

बायको : अगंबाई, हा थांबतच नाही! सगळं रीळ रिकामं करतो की काय?

बोटवाला : दमेल. येतोय वर, दोरा बघा, दोरा वर चढतोय... उडाला! नमस्कार, ताई, नमस्कार!

नवरा : वाकली! अगं, तू वाकलीस!

बायको : वाकते कसली, त्यानेच ओढलं मला! बघितलंत का? अख्खाच्या अख्खा बाहेर आला हो! आणि पाठीवर ते काय उघडलं?

बोटवाला : शीड म्हणतो आम्ही, होडीच्या शिडासारखा पर आहे तो त्याचा. आता गुंडाळा दोरा. हळू.

नवरा : फार ताणलाय गं, जरा सोड—

बायको : गप्प बसा. जन्म दोऱ्यात गेलाय माझा. तुटायला आला की तो आधी थरथरतो, हाताला कळतं. हा अजून थरथरत नाही.

बोटवाला : आणा, आणा जवळ. बास. धरली ही भाल्यासारखी चोच.

बायको : अहो, हा रंग! मघाशी काळा दिसत होता. आता अंगावर निळे पट्टे पेटलेत नुसते. इतकी कापडं हातांखालून गेली, हा निळा नाही पाहिला कधी.

बोटवाला : खवळला की असा उजळतो. मेला की रंग जातो, राखाडी पडतो.

बायको : मग काढा तो गळ! आधी काढा!

नवरा : काढतायत. तू हात लाव त्याला. आधी हात ओला कर.

बायको : डोळा बघा केवढा. माझ्याकडेच बघतोय. मला भीती वाटतेय.

नवरा : मलाही.

बोटवाला : निघाला गळ. आता चोच धरून पाण्यातच ठेवतो, बोट हळू पुढे जाऊ दे. तोंडातून पाणी गेलं की जिवात जीव येईल त्याच्या.

(बोट हळूहळू पुढे सरकते. बायको कठड्यावरून वाकून माशाकडे बघत राहते.)

बोटवाला : मारलं शेपूट. गेला.

बायको : खाली... अजून दिसतोय... नाही, गेला. इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं. आणि वाईट नाही वाटत त्याचं.

बोटवाला : पुन्हा टाकायचा गळ, साहेब?

नवरा : हिला विचारा.

बायको : नको. आज दुसरा नको. अहो, नदीवरही असंच होतं?

नवरा : नदीत एवढा कुठला? वीतभर असतो. पण दगडाआडून वर येतो, अंगावर ऊन पडतं त्याच्या, आणि छातीत हेच होतं.

बायको : वीतभर माशाला?

नवरा : वीतभर माशाला. घरी येऊन ते सांगणार कसं? तू विचारायचीस, काय आणलंत.

बायको : विचारायचे खरी. बाकी ही काठी फार जड आहे हो. खांदे भरून आले माझे.

नवरा : कळलं. घरी गेलो की देऊन टाकतो सगळ्या.

बायको : पुरतं ऐका तर. नदीसाठी एखादी हलकी मिळते का?