नाकारलेली धाव

(कान्हे फाटा. तळेगावच्या महिला मंडळाने भरवलेल्या सासू-सुनांच्या मोबाइल क्रिकेट स्पर्धेहून परतलेल्या रतनबाई आणि त्यांची सून सारिका टाकव्याच्या टमटमची वाट बघत उभ्या आहेत.)

सारिका : बोला ना हो आत्या काहीतरी. तळेगावपासून तोंडाला कुलूप लावलंय तुम्ही.

रतनबाई : काय बोलू? हरलो. बक्षिसाचा मिक्सर उर्स्याच्या जोडीला गेला.

सारिका : मिक्सर गेला चुलीत. तुम्ही त्यासाठी रुसला नाहीत, ते कळतंय मला.

रतनबाई : कळतंय तर इचारतीस कशाला?

सारिका : शेवटच्या ओव्हरमुळे ना?

रतनबाई : सहा बॉलात आठ पायजे व्हते. त्यांचे फील्डर समदे बौंड्रीला जाऊन बसलेले, मधी मोकळं रान. अशा वक्ताला काय करायचं, तूच शिकवलंस ना मला? सांग की आता.

सारिका : एकेक धाव पळत राहायचं. सैल चेंडू आला तरच मोठा फटका.

रतनबाई : आन् तू काय केलंस? बॉल ढकलायचीस आन् 'थांबा'चं बटण दाबायचीस. एकदा न्हाई, तीनदा!

सारिका : मला वाटलं, दोन चौकार बसले की झालं काम. एक बसला, दुसरा नाही बसला.

रतनबाई : खोटं नगं बोलूस. एक धाव पळालं की पुढचा बॉल दुसरीनं खेळायचा, फोन तिच्या हातात द्यायचा, असा नियम व्हता. तुला फोन द्यायचाच नव्हता. मी आपली तुझ्या शेजारी हात पुढं करून हुबी, परसादाला हुबं ऱ्हातात तशी.

सारिका : आत्या...

रतनबाई : पयल्या रांगेत मुक्ताबाई बसलेली. धाकली बहीण माझी, गुडघं धरीत सुदुंबऱ्यावनं आली माझा खेळ बघाया. निघताना म्हनती कशी, "रतनाक्का, तू नुसती सोबतीला गेलतीस व्हय?" लय लागलं गं मला ते.

सारिका : मागच्या रविवारी सेमीफायनलला तुम्ही यॉर्करवर आउट झालात, तेव्हा बायका फिदीफिदी हसल्या. "आजीबाई, चष्मा पुसा," असं म्हणाली एक. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, पुन्हा हसू द्यायचं नाही कुणाला.

रतनबाई : मला हसल्या ना? माझं मी बघून घेतलं असतं! बटण उशिरा दाबलं, येवढंच चुकलं. तू कंपनीत गेलीस की दुपारभर नातवाच्या जुन्या फोनवर मी त्येच तर घोटवीत व्हते. फायनलला तसला बॉल आला असता, तर... जाऊ दे.

सारिका : तुम्ही एकट्या सराव करत होता? मला पत्ताच नाही.

रतनबाई : तू इचारतीस कुटं? डोळ्याचं आपरेशन झाल्यापासनं ग्यासपाशी जाऊ देत न्हाईस. डेअरीला दूध तुझा नवरा नेतो. भाकरी थापाया बसले की म्होरची परात वढून घेतीस. "तुम्ही बसा, आत्या. तुम्ही बसा." बसून बसून जीव इटला माझा. लोक म्हनत्यात, रतनबाई नशीबवान, सून काडीला हात लावू देत न्हाई.

सारिका : तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच करते हो मी.

रतनबाई : म्हाईत हाय. म्हनून तर गप बसते. तुझ्याशी धड भांडता बी येत न्हाई.

सारिका : चुकलं माझं. अगदी मनापासून सांगते, चुकलं. पुढच्या वर्षी पहिला बॉल तुम्ही खेळायचा आणि शेवटची ओव्हरही तुमचीच. हरलो तर हरलो. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.

रतनबाई : पुढल्या वर्षी तू तुझ्या चुलतसासूला घे जोडीला.

सारिका : असं नका ना बोलू. एवढा राग?

रतनबाई : राग न्हाई गं बाई. मला बॉल दिसायचा न्हाई तवर.

सारिका : म्हणजे?

रतनबाई : मुक्ताबाईसंगं गेलते डॉक्टरकडं. तुला सांगितलं, बहिणीकडं ऱ्हायला चालले. आतली नस सुकत चाललीय म्हनला, दोनी डोळ्यांची. औषध घातलं तर हाय ते टिकंल थोडं दिस. गेलेलं काय परत यायचं न्हाई.

सारिका : अहो आत्या! कधीची ही गोष्ट?

रतनबाई : तू मला खेळ शिकवाया लागलीस, त्याच्या आदीची.

सारिका : आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?

रतनबाई : सांगितलं असतं, तर तू मला खेळाया घेतलं असतंस का?