बर्फाच्या साच्यातली अंडी

विठ्ठल : अगं अगं विनिता, ते सरबतात नको टाकू!

विनिता : का? आंब्याचा बर्फ ना हा, बाबा?

विठ्ठल : अंडं आहे ते.

विनिता : ईऽऽ! अंड्याचा बर्फ?

विठ्ठल : ई काय त्यात? फोडून, फेटून, बर्फाच्या साच्यात ओतून गोठवलंय. मी स्वतः. मागचा डबा बघ, गच्च भरलाय.

विनिता : अरे देवा! सुदेश खाली पार्किंग शोधतोय. त्याला सांगून आले, तू ये तोवर बाबांची बॅग भरते. आता हा फ्रीज कोण रिकामा करणार?

विठ्ठल : कोण कशाला करेल? मी कुठे येतोय?

विनिता : बाबा, परत तेच नको हां. ठरलंय ना आपलं? घोडबंदरला तुमची खोली तयार आहे. पडदे पण लावून झाले.

विठ्ठल : तुमचं ठरलं. मला फक्त कळवलंत. तिथे येऊन काय करू? पाण्याचा ग्लास पण तुम्हीच हातात देणार. इथे कोपरला माझं मी करतो.

विनिता : ते तुमच्या लेकाला पटवा. गेल्या वर्षी तुम्हाला गावाहून सोडायला आलो, तर जिन्यापासून वास! फ्रीज उघडून मी उलटी करायची बाकी होते. बाबांना एकट्याला जमत नाही, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलंय.

विठ्ठल : तेव्हा चुकलंच माझं. श्रावण लागला, अंड्यांचा ट्रे तसाच पडलेला. म्हटलं, ठेवून देऊ फ्रीजरला. ठेवली कवचासकट. सगळी तडकली. मी गणपतीला गावी, आणि इथे लाईट गेलेली.

विनिता : पण एकट्या माणसाने ट्रे घ्यायचाच कशाला? तोही श्रावणाच्या तोंडावर?

विठ्ठल : मी कुठे घेतो? अंडेवाला भगवान काढून ठेवतो. तुझी सासू होती तेव्हापासूनचं चालू आहे.

विनिता : आई जाऊन दोन वर्षं झाली, बाबा. त्याला सांगायचं ना, आता सहाच दे.

विठ्ठल : गेलेलो सांगायला. दुकानात नुसता उभा राहिलो, तर तो म्हणतो, "काका, कलावतीकाकींचा ट्रे बाजूला ठेवलाय." अजून तिच्या नावाने ठेवतो गं तो. त्याला काय सांगू, सहा दे?

विनिता : हं. मग यंदा काय केलंत?

विठ्ठल : यंदा कवच काढलं. हलक्या हाताने फेटायचं, फेस नाही येऊ द्यायचा. मग चिमटीभर मीठ.

विनिता : मीठ गोठवायच्या आधीच?

विठ्ठल : नाहीतर पिवळं रबरासारखं होतं. पहिल्या खेपेला झालेलं. वरची दर्शना म्हणाली, काका, द्या टाकून. मी म्हटलं, टाकायचं कशाला? फॅक्टरीत नग बिघडला तर मी आधी कारण शोधायचो. मग तीच बसली मोबाईल घेऊन, तिनेच मिठाचं शोधलं.

विनिता : आणि श्रावणात घरात अंडी? आईंना चाललं असतं?

विठ्ठल : दोन दिवस बोलली नसती माझ्याशी. म्हणून देव्हाऱ्यासमोर कबूल केलं, फ्रीजमध्ये आहेत, पोटात जाणार नाहीत. विसर्जनापर्यंत शिवलो नाही.

विनिता : म्हणजे तुम्ही अजून चाखलीच नाहीत?

विठ्ठल : आज पहिल्यांदा. तुम्ही येणार म्हणून रात्रीच वाटीभर खालच्या खणात काढून ठेवली. ही बघ, विरघळली. आता असं कर, खाऊन सांग. बिघडली असतील तर बॅग भर. मी गुपचूप गाडीत बसतो.

विनिता : बघा हां. मी खोटं नाही बोलणार.

विठ्ठल : तूच सांगावंस म्हणून तर थांबलो. सुदेश बापाचं मन राखेल.

विनिता : घाला तव्यावर. आणि नीट शिजवा, कच्चट नको.

(तव्यावर चर्र होतं. विठ्ठल ताटली पुढे करतो, विनिता घास घेते.)

विठ्ठल : बोल की.

विनिता : थांबा, भाजतंय.

विठ्ठल : तोंडावरून तरी कळू दे.

विनिता : मिरची जास्त झालीय.

विठ्ठल : मिरचीचं कोणी विचारलं?

विनिता : बाबा... कळत पण नाही हो. आज सकाळी आणलेलं वाटतंय.

विठ्ठल : वाटणारच! अख्खा ट्रे होता. पहिली खेप सोडली, तर एक फुकट नाही गेलं. द्या टाकून म्हणे!

विनिता : थांबा, फोन वाजतोय. हॅलो सुदेश, मिळालं पार्किंग? बरं. डिकी नको उघडू. नाही भरली बॅग. अरे, ऐक तर! तू वर ये. बाबांनी जेवायला बोलवलंय.

विठ्ठल : येताना पाव आण म्हणावं. नरम बघून.