धाकटीचं ते नाटक

...आणि वर मलाच विचारतात, 'बहिणीबद्दल तुम्हाला काय वाटतं?' म्हणजे तुम्हाला सांगतो, पेशंट ती, फाइल तिची, आणि प्रश्न मला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, मला काय वाटायचंय, मला आपला संशय वाटतो. त्यांनी लगेच ते लिहून घेतलं. आता यात लिहून घेण्यासारखं काय होतं? तिथून मला त्यांचाही संशय यायला लागला.

माझं चष्म्याचं दुकान. चौदा वर्षं झाली. शाळेतली पोरं येतात, तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा दिसत नाही म्हणतात, का, तर वर्गातल्या मैत्रिणीला चष्मा लागला. मी गुपचूप साधी काच घालतो, 'आता?' 'आता एकदम स्पष्ट, काका.' संपलं. असा चौदा वर्षं खोटं पकडत आलेला माणूस, घरात धाकटी बहीण दर आठवड्याला कोसळते म्हटल्यावर काय करणार? संशयच घेणार ना?

धाकटी म्हणजे एकोणतीस वर्षांची. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, राहते आमच्याकडे. सोमवारी तिथली नवी मुलगी म्हणजे 'दादा, अशी मैत्रीण मला जन्मात मिळाली नव्हती', आणि गुरुवारी तीच मुलगी हिला न विचारता जेवायला गेली, तर 'विषारी आहे ती, पहिल्यापासून माझ्या वाईटावर होती'. पहिल्यापासून म्हणजे सोमवारपासून. मग कप फुटणार, दार आपटणार, 'मी कोणालाच नकोय, तूही मला सोडणार', आणि तासाभरात तीच येऊन गळ्यात पडून रडणार. घरात तिचं नावच 'नाटक कंपनी'. बाबांनी ठेवलेलं, ती सहा वर्षांची असताना. सगळ्यांना हसू यायचं हो.

मग ती दुपार. मी एका आजोबांचा नंबर काढत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन. धाकटीनं गोळ्या घेतल्यात, हॉस्पिटलात आणलंय. सकाळी आमचं वाजलं होतं, मी म्हटलं होतं, तुझं रोजचंच आहे. पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, धोका टळला होता... आणि तोंडातून काय निघावं? 'मोजून घेतल्या असतील.' या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई मला पहिल्यांदा तिथे दिसल्या. कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, 'मोजून घेतल्या असतील, तरी घेतल्याच ना?'

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

महिन्याभरानं आम्हाला बोलावून सांगितलं, 'याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. तुम्हाला जिथे खरचटतं, तिथे तिला भाजतं, आणि भाजलेलं निवायलाही वेळ लागतो. ती नाटक करत नाहीये.' मी विचारलं, रक्त तपासलं? नाही. एक्सरे? नाही. मग कळलं कसं? 'चार वेळा बसून तिचं ऐकलं.' ऐकलं म्हणे. माझ्याकडे निदान तक्ता आहे, काचा आहेत, यांच्याकडे दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा. संशय येणार की नाही? बरं, झालं कशानं? 'एक कारण नसतं. काही जन्मजात हळवेपण, काही घराण्यातून, काही लहानपण.' आणि औषध? 'या आजाराची अशी नेमकी गोळी नाही. मुख्य उपचार बोलण्याचा. दर आठवड्याला, वर्ष-दीड वर्ष. पण बरेच जण सुधारतात.' दीड वर्ष नुसतं बोलायचं?

आणि मग हळूच विचारलं, 'लहानपणी ती रडायला लागली की घरात काय करायचात?' मी म्हटलं, काय करणार, हसायचो. आणि बोलता बोलता माझं मलाच आठवलं. ती सहाची असताना आई चार महिने हॉस्पिटलात होती, आणि हिला आम्ही सांगितलं होतं, आई बाजारात गेलीय. चार महिने. ही रोज संध्याकाळी दारात बसून रडायची आणि बाबा म्हणायचे, 'सुरू झाली नाटक कंपनी.' मीही म्हणायचो. मी सोळा वर्षांचा होतो, आई कुठे आहे ते मला माहीत होतं...

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आजार तुम्ही लावलात असा याचा अर्थ नाही.' या वेळी त्यांनी काही लिहून घेतलं नाही. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर गेले आठ महिने ती जातेय. शिकवतात काय? राग चढला की गार पाण्यानं तोंड धुवा, वीस मिनिटं थांबा, मग बोला. यासाठी डॉक्टर लागतो? मला संशय. पहिल्यांदा ती बाथरूममध्ये गेली तेव्हा मी दाराला कान लावून उभा होतो. बायको म्हणाली, 'अहो, नळ ऐकू येतोय ना, मग सरका आता.' मधे दोन कप फुटलेच. एकदा डॉक्टरीणबाईसुद्धा विषारी ठरल्या, दोन आठवडे जाणं बंद. तिसऱ्या आठवड्यात ती आपण होऊन गेली, मी न सांगता.

आणि परवा, मी फोनमध्ये बघत तिला 'बरं, बरं' करत होतो, तर ती थांबली, म्हणाली, 'दादा, मला आत्ता तुझा राग आलाय. वीस मिनिटांनी बोलते.' आणि गेली. दारसुद्धा हळू लावलं. आता पूर्वी कसं, कप फुटायचा, मी नाटक म्हणायचो, विषय मिटायचा, मी मोकळा. आता मी सोफ्यावर बसून, आपलं नेमकं काय चुकलं ते शोधतोय. बारा कारणं निघाली, त्यातली चार गेल्या वर्षीची. एकविसाव्या मिनिटाला ती आली, समोर बसली, दोन वाक्यांत सांगितलं, 'मी बोलत होते. तू फोनमध्ये होतास.' निघालं तेरावंच. आणि तुम्हाला सांगतो, खरं होतं हो.

मी म्हटलं, बस जरा. मी तोंड धुवून येतो.