आभाळातली पाल

हॅलो? … हॅलो, कोण? … आंब्याच्या पेट्यांचं काही असेल तर संध्याकाळी… कोण? मालन! अगो, तू होय! मला वाटलं कोणी दलाल… हो, मीच, आनंदी. सख्ख्या ताईचा आवाज ओळखेनास?… अगो, ओरडू नकोस! मुंबईहून बोलत्येस म्हणून मुंबईपासून ऐकू येईल इतकं नको बोलूस.

हे ना? हे बंदरावर गेलेत, पेट्या बोटीवर चढवायला. येतीलच… का गो? तुझ्या भाऊजींकडे काय काम?

फोटो? तो ह्यांचा, बसऱ्याच्या लढाईतला? काच नाही ना फुटली वाटेत?… मग?… नरहरपंतांनी बाजूला काढून ठेवलाय? का?… सांगत नाहीत? तुझा नवरा म्हणजे धन्य आहे हो! छापखाना त्यांचा, अंक त्यांचा, कोकणातल्या शिपायांचे फोटो हवेत म्हणून मागे लागले तेही तेच. हे आधी तयारच नव्हते, मीच भिंतीवरून काढून पाठवला…

हो, हो… ऐकत्ये… कोण आलं होतं छापखान्यात? पेन्शनर सुभेदार? … फोटोतला टँक खोटा? बसऱ्याला टँक नव्हतेच म्हणतो? एकही? … फ्रान्सात होते. बरं… म्हणजे तुझे भाऊजी बसऱ्याला गेलेच नव्हते, असं आहे का त्याचं म्हणणं?… असं तुलाच वाटलं? शाबास! गेले होते गो. सैन्याच्या कोठारात कारकून होते, पोती मोजायला.

अगो ऐक ना… ऐक तर. फोटो समोर आहे? टँकाच्या अगदी खाली बघ. काय दिसतं?… रेघ नव्हे ती, शिवण आहे. कापड दुमडून धावदोरा घातलाय, तोही वाकडा. पडदा आहे तो, मालन! फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा.

कधीपासून ठाऊक म्हणजे? पाकीट फोडलं त्या दिवसापासून! जन्म गेला चोळ्या शिवण्यात, मला शिवण कळणार नाही?

आता वर बघ. टँकाच्या वर, आभाळात. काळं काहीतरी… विमान? हं. तुझे भाऊजीही विमानच सांगतात. आल्यागेल्याला ओटीवर उभं करून बोट दाखवतात, 'हे बघा, डोक्यावर घिरट्या घालत होतं.' … अगो, विमानाला वाकडी शेपूट असते? आणि चार पाय?… पाल आहे ती, पाल! पडद्यावर चढलेली!

हस, हस. मीही हसल्ये होते, तोंडात पदर कोंबून… आणि सासूबाई! फोटोच्या मागे लिहिलं होतं ना, 'मी, टँकाजवळ'. त्यांना वाटलं पाण्याचा टँक. म्हणाल्या, चला, वाळवंटात पाण्याची तरी सोय आहे!

नाही, पण मालन, त्याआधी किती दिवस ह्यांचं पत्रच नव्हतं. सासूबाईंनी जेवण टाकलं होतं. शीत तोंडात घेईनात. तो फोटो आला आणि वाडगाभर पेज प्यायल्या, माझ्या हातून.

ह्यांचा गळा बघ. कॉलरीत आणखी एक मान मावेल की नाही?… तापातून उठले होते गो. कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही. उभं राहवत नसेल, तरी छाती काढून राहिलेत बघ, आम्ही घाबरू नये म्हणून. सुभेदाराला म्हणू दे खोटा. माझा फार जीव आहे त्या फोटोवर.

पण छापू नका हो. मुंबईची माणसं भिंगं घेऊन बसायची. पाल ओळखली की झालं हसं… आणि परत पाठवताना पडद्याचं अक्षर काढू नका. मला ठाऊक आहे हे कळलं, तर हे पुन्हा बोट दाखवायचे नाहीत. ते मला नाही सोसणार… काहीतरी सांगा. छपाईचा ब्लॉक नीट उठत नाही म्हणा.

काय झालं?… नरहरपंत आले? हसतायत? त्यांना काय झालं हसायला?… विचार तरी…

ह्यांचा फोन आला होता? इथून? … मी देवळात गेल्ये होते तेव्हा… बरं. काय म्हणाले?

छापू नका म्हणाले. … हं. … आणि?

'हिला कळू देऊ नका. हिला ते खरंच विमान वाटतं'…

आणखी काय म्हणाले? बोल.

'रोज पदरानं पुसते ती ते विमान'… असं म्हणाले?

नाही गो, रडत्ये कुठे! तुमचं यंत्रच खरखरतंय.

अगो, फाटकाचं बेडं वाजलं. आले हे! मालन, मी काही ऐकलं नाही. तू काही बोलली नाहीस. थांब…

अहो, मालनचा फोन! … तुमचा फोटो परत येतोय. ब्लॉक नीट उठत नाही म्हणे… हो ना. बाकी सगळं येतं, विमान तेवढं पुसट येतं… मीही तेच म्हटलं. विमान दिसायचं नसेल तर छापूच नका, म्हटलं… हो हो, खिळा आहे तसाच आहे, काढलेला नाही.

मालन, हसू नकोस, ह्यांना ऐकू जाईल. नीट गुंडाळून पाठव. आणि पुसू नकोस हं. ते माझं मी पुसीन… ठेवत्ये.