लॉरेटाच्या मेपलची जागा

ओहायोतल्या नर्सरीत पैसे भरायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या. व्हर्नाच्या ट्रॉलीत चेरीचं रोप होतं.

"हे कुठे लावणार, व्हर्ना?"

"लॉरेटाचा मेपल होता ना, तिथेच. जमिनीत उरलेला बुंधा कालच मशीनने दळून घेतला."

"सवतीचं झाड तोडलंस, आता जागाही तिचीच हवी?"

"सवत कसली? मेली ती, मग आले मी."

"अगं शहाणे, तिथे नुसता भुसा आणि तिच्याच झाडाची मुळं. रोप पिवळं पडेल. जरा बाजूला लाव की!"

"बाजूला का? मी काय पाहुणी आहे?"

"बरं बाई! तुझा हॅरॉल्ड काय म्हणाला?"

"काय म्हणणार? सकाळपासून भुसा पोत्यांत भरतोय."

"फेकायला?"

"छे! माझी गाडी बाहेर काढून गॅरेजात रचतोय मेला."