न्यूट्रलमधला आवाज

गॅरेजच्या बाकावर शिक्षिकाबाई स्कूटरची वाट बघत बसल्या होत्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता, पण लाल पेन मघापासून हललं नव्हतं. कान शेजारच्या पांढऱ्या गाडीपाशी होते. तिथे मिस्त्री आणि एक साठीचे गृहस्थ बोलत होते.

“नवा क्लच टाकला आणि हे सुरू झालं. खडखड, खडखड.”

“चालताना येतो आवाज, काका?”

“नाही. उभी असताना.”

“क्लच दाबला की?”

“थांबतो.”

“मग काळजी नको. प्लेट बाहेरच्या कंपनीची आहे, स्प्रिंगा कडक. न्यूट्रलला गिअर वाजतात, एवढंच. सिग्नलला असे किती वेळ थांबणार तुम्ही?”

“अर्धा तास.”

“कुठला हो हा सिग्नल?”

“सिग्नल नाही. मुलीच्या घरासमोर.”

“मग क्लच दाबून धरा.”

“पाय भरून येतो.”

“इंजिन बंद करा सरळ.”

“बंद केलं की वर जावंसं वाटतं.”

“जा की मग.”

“चार वर्षं झाली. पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं मीच म्हणालो होतो तिला.”

“हं.”

“जुना क्लच बरा होता. कुणाला पत्ता लागायचा नाही. काल या आवाजाने तिने खिडकी उघडली.”

“मग?”

“मी गाडी काढली तिथून.”

“ठेवून जा गाडी. मूळ कंपनीची प्लेट टाकतो, आवाज जाईल.”

गृहस्थांनी किल्ली पुढे केली. मिस्त्रीनेही हात पुढे केला, पण किल्ली काही त्यांच्या बोटांतून सुटेना.

“उद्या आणतो,” ते म्हणाले. “आज एकदा जाऊन येतो.”