उमरेडला गेलेलं तिसरं पत्र

कॉलेजच्या ऑफिसात मी कारकून होतो ना, तेव्हा आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचा एक हट्ट असे. बाहेर जाणारा प्रत्येक कागद एकाच भाषेत हवा. ‘आपणांस कळविण्यात येते की’ने सुरुवात आणि ‘नोंद घ्यावी’ने शेवट.

उमरेडच्या एका विणकराची हुशार मुलगी अचानक यायची बंद झाली. तशी दोन पत्रं गेली, उत्तर नाही. आता पटावरून तिचं नाव कमी होणार होतं. तिसरं लिहायला बसलो ती थंडीतली दुपार. ऊन कागदावर पसरलेलं, डोळे जडावलेले. हात आपोआप घरच्या बोलीत लिहून गेला, ‘दादा, पोरीले काहून नाही पाठवून राहिले? वर्गातली तिची जागा तशीच हाय.’

ते तसंच टपालात गेलं. चौथ्या दिवशी बापलेक दारात! बाप मला म्हणाला, "बाबूजी, पोरगी तापानं पडली होती. तुमचे दोन कागद आले, मले वाटलं, तिले काढूनच टाकलं."

साहेबांनी पत्राची नक्कल मागवली. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो. त्यांनी ती दोनदा वाचली.

"माझी माय असंच बोलायची," ते हळूच म्हणाले, आणि माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली.